स्टिअरिंग कॉलम घरी उतरवायचाय? आधी आवाज नक्की कुठला ते शोधा, मग पाना हातात घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीकडच्या एकांची २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग, ड्रायव्हर एअरबॅग. स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवलं की टक-टक येतं, खराब रस्त्यावर जास्त. गॅरेजमध्ये सांगितलं अख्खा कॉलम, म्हणजे स्टिअरिंगपासून खाली जाणारा दांडा त्याच्या नळीसकट, बदला. ओळखीचे एक जण म्हणतात जुन्या बाजारातून आणून देतो. यांना स्वतःला पाने चालवायची सवय आहे, ब्रेक पॅड, शॉकॲब्झॉर्बर घरी बदललेत, म्हणून विचारतायत की कॉलम घरीच उतरवून, तपासून परत बसवता येईल का.

येतो बसवता. पण मला तुमचा खरा प्रश्न वेगळा वाटतो, तो म्हणजे हा आवाज कॉलमचाच आहे का हे अजून कुणी हात लावून बघितलेलंच नाही. आमच्याकडे कॉलमची तक्रार म्हणून ज्या गाड्या येतात त्यातल्या बऱ्याच गाड्यांत वरचा कॉलम एकदम ठणठणीत असतो, दोष खालच्या क्रॉसमध्ये (दोन दांड्यांना कोनात जोडणारा सांधा) असतो, नाहीतर रॅकच्या (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणारा भाग) बूशमध्ये, नाहीतर तो स्टिअरिंगचा आवाजच नसतो, सस्पेन्शनमधला स्ट्रट माउंट किंवा लिंक रॉड वाजत असतो आणि स्टिअरिंगच्या दांड्यातून वर हातापर्यंत येतो. म्हणून उतरवायच्या आधी एक संध्याकाळ नुसतं शोधण्यात घालवा, त्याला एक पैसा लागत नाही.

कसं शोधायचं ते सांगतो. गाडी सपाट जागेवर, चाकं जमिनीवरच, इंजिन बंद. एक जण बाहेरून खिडकीतून हात घालून स्टिअरिंग अगदी थोडं, चार बोटं इकडे चार बोटं तिकडे असं पटापट हलवेल. दुसऱ्याने ड्रायव्हरच्या पायाशी आडवं व्हायचं, टॉर्च घ्यायची, आणि पेडलच्या वर जिथे दांडा फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधली भिंत) जातो तिथल्या क्रॉसवर हाताचा पंजा ठेवायचा. फक्त बाहेरून ठेवायचा, फटीत बोट घालायचं नाही. क्रॉस गेला असेल तर ती टक हाताला कळते, कान लागतच नाहीत. आणि नीट बघितलं तर वरचा योक (क्रॉसला धरणारा चिमट्यासारखा तुकडा) आधी हलतो आणि खालचा एक क्षण उशिरा, तो उशीर डोळ्यांना दिसतो. मग तसंच खाली रॅकपाशी, चाकाजवळच्या टाय रॉड एंडपाशी हात लावत जा. त्यानंतर स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि स्वतःकडे ओढून-ढकलून बघा, तिथे टक आली तर कॉलमचं वरचं बेअरिंग, टिल्टचा (स्टिअरिंग वर-खाली करायचा) लिव्हर किंवा कॉलमचे माउंटिंग बोल्ट. शेवटी हेच सगळं इंजिन चालू ठेवून करा. बंद असताना शांत आणि चालू केल्यावर टक-टक असेल तर संशय पॉवर स्टिअरिंगच्या मोटारकडे जातो.

थोडा मोकळा प्ले असणं नॉर्मल आहे हे पण लक्षात ठेवा. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये स्टिअरिंगच्या रिमवर ३० मिलिमीटर ही कमाल मर्यादा दिलेली असते. आवाज नसेल आणि प्ले त्याच्या आत असेल तर काहीही उघडू नका.

मोटारचं जरा सविस्तर सांगतो, कारण तुमचं वर्णन वाचून माझा पहिला संशय तिथेच जातोय. तुमच्या गाडीत मोटार कॉलमवरच बसलेली असणार, डॅशबोर्डच्या आत. मोटारच्या दांड्याला वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर, जोडलेला असतो आणि तो वर्म कॉलमवरचं मोठं चाक फिरवतो. काही गाड्यांत मोटार आणि वर्म यांच्यामध्ये एक छोटं रबराचं नाहीतर प्लास्टिकचं कपलिंग असतं, चांदणीच्या आकाराचं, तळहातावर मावेल एवढं. दहा-बारा वर्षांच्या उन्हाने, केबिनच्या गरमीने ते कडक होतं, मग त्याचे तुकडे पडतात, आणि मोटारने दिशा बदलली की धातूवर धातू आपटतो. तो आवाज अगदी कॉलम गेल्यासारखाच येतो. हे कपलिंग काही शे रुपयांत मिळतं आणि अख्खा कॉलम असेंब्ली पाच आकड्यांत जाते, त्यामुळे तुमच्या गाडीत ते आहे का आणि सुटं मिळतं का हे स्पेअरच्या दुकानात आधी विचारा. मोटार दोन-तीन बोल्टवर असते, काही गाड्यांत कॉलम पूर्ण न काढता नुसता खाली झुकवला तरी ती निघते, काहींत कॉलम बाहेर काढावाच लागतो.

आणि सांगलीचे आहात म्हणून एक विचारतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये किंवा २०२१ च्या जुलैमध्ये गाडी पुराच्या पाण्यात होती का? तुम्ही सेकंडहँड घेतली असेल तर आधीच्या मालकाकडे होती का? पाणी सीटपर्यंत आलेल्या गाडीत खालचा क्रॉस आतून गंजतो, कार्पेटखाली ओल महिनोन्‌महिने राहते आणि पॉवर स्टिअरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवट साका धरतो. तसं असेल तर सगळा हिशोब बदलतो, मग नुसतं कपलिंग बदलून भागणार नाही.

आता समजा कॉलम उतरवायचाच असं ठरलं. त्याआधी हा पार्ट काय आहे ते समजून घ्या, मग पुढचं सगळं आपोआप पटेल. जुन्या पद्मिनीच्या काळात कॉलम म्हणजे सरळ दांडा आणि त्यावर नळी, ठोकला तरी चालायचं. आताचा कॉलम धडकेत दबण्यासाठीच बनवलेला आहे. जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलपासून अमेरिकेत दबणारे कॉलम दिले आणि १९६८ पासून तिकडे त्याचा नियमच झाला, साधारण ताशी ४८ किलोमीटर वेगाने समोर धडक दिली तरी कॉलमचं वरचं टोक ड्रायव्हरकडे १२७ मिलिमीटरपेक्षा जास्त येता कामा नये असा. हे साधतं कसं, तर एका नळीत दुसरी नळी, मध्ये प्लास्टिकच्या पिना ओतलेल्या, आणि वरचा ब्रॅकेट जिथे बॉडीला बोल्ट होतो तिथे सरकणाऱ्या कॅप्सूल. छातीचा भार आला की त्या पिना तुटतात आणि कॉलम आत जातो. आता तुम्ही स्टिअरिंग निघत नाही म्हणून दांड्यावर हातोडा मारलात तर त्याच पिना तुटू शकतात, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. त्यातून तुमच्या कॉलममध्ये टॉर्क सेन्सर (हाताचा जोर किती लागतोय ते मोजणारा) आहे, तो एका पातळ टॉर्शन बारच्या पिळावर चालतो, त्याला ठोका अजिबात सहन होत नाही. म्हणून कॉलमच्या कामात हातोडा बाजूला ठेवायचा, ही एकच गोष्ट मी माझ्या हाताखालच्या पोरांना रागावून सांगतो.

एअरबॅग. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, केबलचं टोक कापडात गुंडाळून लांब ठेवा आणि थांबा. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतात, बॅटरी गेली तरी थोडा वेळ एअरबॅग उडवण्याइतका करंट त्यात राहतो. किती थांबायचं ते प्रत्येक मॅन्युअलमध्ये वेगळं आहे, कुठे दीड मिनिट, कुठे तीन, मी सरळ पंधरा मिनिटं थांबतो, तेवढ्यात खालची कव्हरं काढून होतात. एअरबॅगचं मॉड्यूल काढलं की त्याचा पिवळा कनेक्टर सोडवा आणि ते कायम तोंड वर करून, मोकळ्या जागी ठेवा, पालथं ठेवू नका. त्याच्या तारांना मल्टिमीटर लावायचा नाही, मीटरचा छोटा करंटसुद्धा तिथे नको. आणि एअरबॅग सुटी असताना बॅटरी जोडून इग्निशन ऑन करू नका, दिवा लागतो आणि मग तो स्कॅनरशिवाय (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) जात नाही. हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, आपल्याकडे नवीन गाड्यांना ड्रायव्हर एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, त्याआधीच्या बेस मॉडेलमध्ये ती नसू शकते, पण स्टिअरिंगवर एअरबॅग असं लिहिलंय का ते बघितल्याशिवाय ती नाहीच असं धरू नका.

उतरवताना क्रम असा. पुढची चाकं एकदम सरळ, गाडी ओढत आणून सरळ उभी केलेली, नुसतं स्टिअरिंग फिरवून सरळ केलेली नाही. किल्ली बाहेर. एअरबॅग निघाली की मधलं नट सैल करा पण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या. आता पेंट मार्करने दांडा आणि स्टिअरिंगचा हब यांच्यावर एक सलग रेघ मारा. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंनी धरून आळीपाळीने डावं-उजवं ओढा, बहुतेक वेळा सुटतं, आणि सुटलं की त्या राहिलेल्या नटमुळे ते तुमच्या तोंडावर येत नाही. नाही सुटलं तर पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावा, हबवर त्याच्यासाठी दोन आट्यांची भोकं असतात.

त्याच्यामागे क्लॉक स्प्रिंग आहे, चपट्या केबलची गुंडाळी, एअरबॅग आणि हॉर्नची वायर स्टिअरिंगबरोबर फिरत राहावी म्हणून. ती काढायच्या आधी चिकटपट्टीने आहे त्या जागी चिकटवून टाका. ती ठरावीक वेढेच फिरते. चुकून फिरलीच तर हळू हाताने एका बाजूला थांबेपर्यंत फिरवायची आणि तिथून उलटं साधारण अडीच वेढे, आणि तिच्यावरच्या खुणा जुळवायच्या, आकडा तुमच्या मॅन्युअलचाच घ्या. ती चुकीच्या जागी बसली तर लगेच कळत नाही, कुठेतरी पार्किंगमध्ये पूर्ण वळण घेताना आत केबल तुटते, हॉर्न बंद, एअरबॅगचा दिवा चालू. काही जण स्टिअरिंग न काढता कॉलम सकट उतरवतात, तेव्हा खालचा क्रॉस सोडला की स्टिअरिंग मोकळं फिरतं आणि क्लॉक स्प्रिंग जाते, म्हणून तसं करायचं असेल तर सीटबेल्ट स्टिअरिंगमधून घालून ते बांधून ठेवा.

कॉम्बिनेशन स्विच, इग्निशनचा कनेक्टर, किल्लीभोवतीची इमोबिलायझरची रिंग, पॉवर स्टिअरिंगच्या मोटारचा आणि सेन्सरचा कनेक्टर, प्रत्येक सोडवायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, वायर कुठल्या क्लिपमधून जाते ते दिसेल असा. इग्निशन लॉक कॉलमला डोकं तुटणाऱ्या बोल्टने बसवलेलं असतं, चोरी होऊ नये म्हणून, ते तुम्हाला काढायची गरज नाही, त्याला हात लावू नका.

आता खालचा क्रॉस. योक आणि रॅकमधून वर येणारा पिनियन दांडा दोन्हीवर मिळून रेघ मारा, इथे तर दोन ठिकाणी मारा. बोल्ट नुसता सैल करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढायला लागतो, कारण दांड्याला एक आडवी खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून गेलेला असतो. योक घट्ट असेल तर त्याच्या फटीत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून किंचित उघडा, छन्नी ठोकू नका. मग वरचे चार माउंटिंग बोल्ट, शेवटचे दोन काढताना एकाने कॉलम धरायचा, वायरवर लटकू द्यायचा नाही.

टेबलावर आल्यावर काय बघायचं? माझा बराचसा वेळ इथेच जातो. क्रॉस बोटांनी चारी दिशांना फिरवा, गुळगुळीत फिरायला हवा, कुठे अडकून खटकन पुढे गेला तर आतलं बेअरिंग गंजलंय, कुठे ढिला लागला तर झिजलंय, दोन्हीत तो बदलायचा. बहुतेक आताच्या गाड्यांत हे क्रॉस सीलबंद असतात, ग्रीस निपल नसतं, आणि डब्ल्यूडी-फोर्टी मारून आवाज थांबवला तर तो काही दिवसांत परत येतो आणि आधीचं ग्रीस पण धुऊन निघालेलं असतं. दांड्यावरच्या स्प्लाइनचे उभे दाते बघा, चकाकणारे झिजलेले पट्टे दिसले की तो जोड ढिला झालाय. मग नळीवर प्लास्टिकचा चुरा दिसतो का, वरच्या ब्रॅकेटच्या कॅप्सूल हाताने हलतात का. कॅप्सूल हलली, नळी आत-बाहेर सरकली, किंवा कॉलमची लांबी मॅन्युअलमधल्या मापापेक्षा कमी भरली, तर तो कॉलम परत गाडीत बसवायचा नाही, वेल्डिंग करून तर नाहीच नाही. वरचं बेअरिंग दांडा बोटाने फिरवून ऐका. मोटार आणि वर्मचं घर मात्र, कपलिंग बघण्यापुरती मोटार सोडून, आत उघडू नका, आणि टॉर्क सेन्सरची जागा तर मुळीच नाही.

बसवताना लोक घाई करतात आणि सगळी जोखीम नेमकी इथे आहे. चार माउंटिंग बोल्ट आधी हाताने लावा, चारही पकडले की मग मॅन्युअलमधल्या क्रमाने घट्ट करा, म्हणजे कॉलम पिळला जात नाही. योक रेघा जुळवून दांड्यावर पूर्ण सरकवा आणि आता बोल्ट हाताने आत घाला. हाताने सरळ गेला पाहिजे. अडला तर पान्याने ओढायचा नाही, ठोकायचा नाही, अडला याचा अर्थ खाच भोकासमोर नाही, योक वर राहिलाय. बोल्ट खाचेत न जाता नुसता आवळून बसला तर गाडी चालते, स्टिअरिंग फिरतं, सगळं ठीक वाटतं, आणि एखाद्या मोठ्या खड्ड्यात योक दांड्यावरून वर सरकू शकतो. म्हणून आवळायच्या आधी योक धरून वर ओढून बघा, यायला नको. बोल्ट नवीनच वापरा, कंपनीचाच, दुकानात आटे जुळतात म्हणून मिळालेला दुसरा नको. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना) लावा, या बोल्टांचा टॉर्क छोट्या गाड्यांत फार नसतो, २०-३० न्यूटन-मीटरच्या घरात, अंदाजाने दांडगाई केली की आटे ताणले जातात. शेवटी बोल्टच्या डोक्यावरून योकवर रंगाची एक रेघ मारा, नंतर कधीही बघितलं की हलला की नाही ते एका नजरेत कळतं.

स्टिअरिंग रेघेवर बसवा. एक दाता जरी चुकला तरी सरळ रस्त्यावर ते वाकडं दिसतं. असं झालं तर परत काढून दाता दुरुस्त करा, टाय रॉड फिरवून सरळ करणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. खुणा जुळवून बसवलेलं स्टिअरिंग वाकडं येत असेल तर मूळ अलाइनमेंट आधीच गेलेली होती, तो वेगळा विषय.

बॅटरी जोडायच्या आधी एअरबॅगचा कनेक्टर, मग बॅटरी. किल्ली ऑन केली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे, पॉवर स्टिअरिंगचा दिवा इंजिन सुरू झाल्यावर गेला पाहिजे. पुढची चाकं उचलून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, कुठे वायर ओढली जाते का ते टिल्ट वर-खाली करून पण बघा, हॉर्न वळणात वाजतो का, इंडिकेटर आपोआप परत येतो का. पहिली चक्कर मोकळ्या मैदानात, वीसच्या स्पीडने. ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत स्टिअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणावा लागतो, आणि काही गाड्यांत टॉर्क सेन्सरचं पण कॅलिब्रेशन मागतं, ते तुमच्या गाडीला लागतं का ते आधीच विचारून ठेवा, नाहीतर सगळं बसवून झाल्यावर गाडी एका बाजूला ओढल्यासारखी वाटेल आणि परत उघडायला घ्याल.

जुन्या बाजारातल्या कॉलमबद्दल. कुर्ल्यात काय किंवा आणखी कुठे, जो कॉलम मिळतो तो बऱ्याचदा ॲक्सिडेंटच्या गाडीचाच असतो, कारण चांगली गाडी कोण तोडणार. एअरबॅग उडालेल्या गाडीचा असेल तर घेऊ नका, किंमत कितीही कमी सांगोत. टेबलावर जे बघायला सांगितलं ते सगळं दुकानातच बघा, लांबी मोजायला टेप घेऊन जा. शिवाय पॉवर स्टिअरिंगचं कंट्रोल युनिट मॉडेल आणि इंजिनप्रमाणे वेगळं असू शकतं, बाहेरून हुबेहूब दिसणारा कॉलम लावून पण दिवा जात नाही असं होतं, त्यामुळे लेबलवरचा पार्ट नंबर अक्षर न अक्षर जुळवा. खालचा क्रॉसचा दांडा मात्र जुना कधीच घेऊ नका, तो बऱ्याच गाड्यांत नवा सुटा मिळतो.

तर तुमच्या बाबतीत मी असं करेन: आज-उद्या दोघांनी मिळून ती हात लावून तपासणी, इंजिन बंद आणि चालू दोन्ही. टक क्रॉसमध्ये सापडली तर फक्त खालचा दांडा बदला, अनेक गाड्यांत त्यासाठी स्टिअरिंग आणि एअरबॅगला हात लावावा लागत नाही, ते काम तुम्हाला घरी नक्की जमेल. फक्त स्टिअरिंग बांधून ठेवायला विसरू नका. टक मोटारपाशी असेल तर कपलिंगची चौकशी, आणि कॉलम उतरवायचं काम स्कॅनर असलेल्या माणसाकडे, तुम्ही शेजारी उभे राहा आणि बोल्ट खाचेत गेलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघा. टॉर्क रेंच आणि मॅन्युअल तुमच्याकडे नसेल तर घरी उतरवू नका. आणि आवाजाबरोबर स्टिअरिंग मध्येच अडकत असेल, किंवा वळणातून ते आपोआप सरळ येत नसेल, तर गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, टोइंग बोलवा. तपासून झालं की काय सापडलं ते इथेच लिहा, जमल्यास क्रॉसचा फोटो टाका, दोन्ही योक एका चौकटीत येतील असा.